बळावलेल्या एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया : एक तौलनिक विचार

"डॉक्टर, दुर्बिणीने करणार की पोट उघडून?" एंडोमेट्रिओसिसची रुग्ण आणि तिचे कुटुंबीय आमच्या बाह्यरुग्ण विभागात समोर येऊन बसले, की बहुधा हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. त्यामागची काळजी रास्त असते. टाके किती पडतील, रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल, खर्च किती येईल, हे सारे त्या एका प्रश्नात सामावलेले असते. तथापि या आजारापुरते बोलायचे तर हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आतून नेमके काय काढायचे, काय जपायचे आणि ते काम कोणी मिळून करायचे, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. आपल्या न्यासाचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे या प्रश्नांची मांडणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय समजावा म्हणून एका रुग्णेचा दाखला घेऊ. तिची ओळख कोणालाही पटू नये यासाठी आम्ही अनेक रुग्णांचे तपशील एकत्र करून तिचे चित्र उभे केले आहे. वय एकोणतीस, लग्नाला चार वर्षे झालेली, तालुक्याच्या गावी पतपेढीत नोकरी. पाळीच्या वेदना शाळेत असल्यापासूनच्या. "लग्न झाले की थांबेल" असे आधी सांगितले गेले, लग्नानंतर "मूल झाले की थांबेल" असे. मूल झाले नाही आणि वेदनाही थांबल्या नाहीत. दोन वेळा अन्यत्र बीजांडकोशातील गाठीतून द्रव काढून घेण्यात आला आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत गाठ पुन्हा भरली. ती आमच्याकडे आली तेव्हा दोन्ही बीजांडकोश गर्भाशयाच्या मागे एकमेकांना चिकटले होते, मलाशयाच्या भिंतीत एक कठीण गाठ होती आणि डाव्या मूत्रपिंडाला सूज आली होती. मूत्रपिंडाचे दुखणे तिला एकदाही जाणवले नव्हते.

आजाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजल्या, की त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बीजांडकोश, बीजवाहिन्या, ओटीपोटाचे आतले आवरण, आतडे, मूत्राशय, मूत्रवाहिनी अशा ठिकाणी त्या आढळतात. पाळीच्या चक्राबरोबर त्यांच्यातही बदल होतात, भोवताली दाह होतो, कालांतराने व्रणासारखी कठीण ऊती तयार होते आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात जुने रक्त साचून दाट तपकिरी द्रवाची गाठ होते. तिला तिच्या रंगावरून 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना हा आजार आहे. पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, हा सिद्धांत अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडला. आजही तो महत्त्वाचा मानला जातो. मात्र असे उलटे रक्त बहुसंख्य स्त्रियांमध्ये उतरते आणि आजार त्यांपैकी काहींनाच होतो. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती, आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचाही त्यात वाटा असावा, असे मानले जाते. हा कर्करोग नव्हे. परंतु शेजारच्या अवयवांत शिरण्याच्या त्याच्या स्वभावामुळे त्याची शस्त्रक्रिया कधी कधी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेइतकी अवघड होते.

'बळावलेला' कशाला म्हणावे?

सर्वाधिक प्रचलित वर्गीकरणात पोटात दिसणाऱ्या डागांना, गाठींना व चिकटलेल्या भागांना गुण दिले जातात. १ ते ५ गुण म्हणजे पहिली अवस्था, ६ ते १५ दुसरी, १६ ते ४० तिसरी आणि ४० पेक्षा अधिक गुण म्हणजे चौथी अवस्था. ही पद्धत उपयुक्त असली तरी तिच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, अवस्था आणि वेदना यांचे प्रमाण जुळत नाही. पहिल्या अवस्थेतील स्त्री अंथरुणाला खिळलेली असू शकते आणि चौथ्या अवस्थेतील स्त्रीला आजाराचा पत्ता केवळ मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत लागू शकतो. दुसरी मर्यादा अशी, की आतडे, मूत्रवाहिनी यांत खोलवर शिरलेल्या आजाराची नोंद या गुणांत नीट होत नाही. त्यासाठी 'एन्झियन' नावाचे वेगळे वर्गीकरण वापरले जाते. शस्त्रक्रियेच्या नियोजनाला त्याचा उपयोग अधिक होतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

प्रत्येक रुग्णेला शस्त्रक्रिया लागत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. वेदना हीच मुख्य तक्रार असेल आणि लगेच मूल नको असेल, तर संप्रेरकांच्या गोळ्यांनी अनेकींना पुरेसा आराम पडतो. गोळ्यांनी भागत नसेल, त्या सोसत नसतील, आतड्याचा अथवा मूत्रवाहिनीचा मार्ग आवळला जात असेल, गाठीच्या स्वरूपाविषयी शंका असेल किंवा गर्भधारणेच्या दृष्टीने लाभ दिसत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

पूर्वी निदानासाठीच दुर्बीण पोटात घातली जाई. युरोपातील मानवी पुनरुत्पादन व भ्रूणविज्ञान संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती आता निदानाची अंतिम कसोटी मानली जात नाही. अनुभवी तज्ज्ञाने योनिमार्गे केलेली सोनोग्राफी आणि गरजेनुसार एमआरआय यांतून बीजांडकोशातील व खोलवरच्या आजाराचा नकाशा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेआधीच हाती येतो. वरवरचे बारीक डाग मात्र या तपासण्यांत निसटू शकतात. मूत्रपिंडांची सोनोग्राफी आम्ही न चुकता करतो. मूत्रवाहिनी हळूहळू आवळली गेली तर मूत्रपिंड कोणतीही वेदना न देता निकामी होऊ शकते. वर उल्लेखिलेल्या रुग्णेची सूज याच तपासणीत लक्षात आली.

मार्ग तीन : पोट उघडून, दुर्बिणीने, रोबोटच्या साहाय्याने

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाला हाताच्या बोटांनी गाठीचा कठीणपणा चाचपता येतो. अनेक अवयव घट्ट चिकटलेले असताना, अचानक मोठा रक्तस्राव झाल्यास, किंवा दुर्बिणीचा पुरेसा अनुभव असलेला चमू उपलब्ध नसल्यास हा मार्ग आजही योग्य ठरतो. मात्र त्यात छेद मोठा, वेदना अधिक, रुग्णालयातील मुक्काम लांब आणि नंतर अवयव नव्याने चिकटण्याची शक्यता जास्त असते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अर्धा ते एक सेंटिमीटरच्या छेदांतून काम होते. तिचा सर्वांत मोठा लाभ छेदाच्या लहानपणात नसून दृष्टीत आहे. ओटीपोटाच्या तळाशी, जेथे नुसती नजर पोहोचत नाही, तेथील मज्जातंतू, रक्तवाहिन्या व मूत्रवाहिनी पडद्यावर मोठ्या होऊन दिसतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत बळावलेला आजारही दुर्बिणीने काढता येतो, हे अमेरिकेतील डॉ. कॅमरान नेझात यांच्यासारख्या शल्यविशारदांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिले. आपल्याकडे दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. हे तंत्र भारतात एका सरकारी रुग्णालयात रुजले, याचे स्मरण धर्मादाय संस्थांनी अवश्य ठेवावे.

या दोन मार्गांची थेट तुलना पॅरिसमधील एका अभ्यासात झाली. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एंडोमेट्रिओसिसमुळे मोठ्या आतड्याचा अथवा मलाशयाचा भाग काढावा लागलेल्या ५२ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले. वेदनांतील उतार व जीवनमानातील सुधारणा दोन्ही गटांत सारखीच आढळली. दुर्बिणीच्या गटात गंभीर गुंतागुंत कमी झाली आणि नंतरच्या गर्भधारणेचे प्रमाण अधिक राहिले. म्हणून शक्य असेल तेथे दुर्बिणीचा मार्ग पत्करावा, असे आमचेही मत आहे.

तिसरा मार्ग रोबोटच्या साहाय्याचा. यात शल्यविशारद शेजारच्या आसनावर बसून यंत्राचे हात चालवतो. दृश्य त्रिमितीय दिसते, उपकरण मनगटासारखे वळते आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांचा शीण कमी होतो. रुग्णेला अधिक लाभ होतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ७३ स्त्रियांचा 'लारोज' हा अभ्यास झाला व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचा वेळ, रक्तस्राव, गुंतागुंत आणि जीवनमान यांपैकी कशातही रोबोट व साधी दुर्बीण यांत लक्षणीय फरक आढळला नाही. निवडक अवघड रुग्णांत रोबोट उपयोगी पडेलही. तथापि तो नसलेले रुग्णालय कमी दर्जाचा उपचार देते, असा निष्कर्ष या अभ्यासातून निघत नाही.

काय काढावे : बीजांडकोश

चॉकलेट सिस्टमधील द्रव केवळ सुईने काढून घेतला तर बहुसंख्य गाठी काही महिन्यांतच पुन्हा भरतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही असे केले आहे आणि त्या रुग्ण परत आलेल्या पाहिल्या आहेत, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. गाठीचे आवरण सोलून काढणे आणि ते जागीच जाळणे या पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आवरण सोलून काढलेल्या स्त्रियांत वेदना व गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी होते आणि मूल न होणाऱ्या स्त्रियांत नैसर्गिक गर्भधारणेचे प्रमाण अधिक होते.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. आवरण सोलताना बीजांडकोशाचा निरोगी भागही थोडा निघून येतो. स्त्रीबीजांचा साठा दर्शवणाऱ्या एएमएच या संप्रेरकाची पातळी अशा शस्त्रक्रियेनंतर सरासरी सुमारे ३८ टक्क्यांनी घटते, असे २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा शस्त्रक्रिया दुसऱ्या-तिसऱ्यांदा होत असेल तर धोका वाढतो. म्हणून मूल हवे असलेल्या प्रत्येक रुग्णेची एएमएच तपासणी आम्ही आधीच करतो. टेस्ट ट्यूब बेबी उपचार करायचेच ठरले असेल, तर केवळ यश वाढावे म्हणून आधी गाठ काढू नये, असे २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आतडे आणि मूत्रवाहिनी

मलाशयात शिरलेली गाठ तीन प्रकारे काढता येते. पहिला प्रकार म्हणजे आतडे न उघडता गाठ पृष्ठभागावरून तासून काढणे. दुसरा, भिंतीचा नाण्याएवढा गोल तुकडा काढून छिद्र शिवणे. तिसरा, आतड्याचा तेवढा भाग काढून दोन टोके जोडणे. तासण्यात गुंतागुंत कमी, पण आजार थोडा मागे राहण्याची शक्यता अधिक. आतड्याचा भाग काढण्यात आजार पूर्ण निघतो, परंतु सांधा गळण्याचा किंवा अरुंद होण्याचा धोका असतो. सांधा गुदद्वाराच्या फार जवळ असेल तर काही आठवड्यांसाठी पोटावर तात्पुरता शौचमार्ग काढावा लागू शकतो. रुग्णेला हे शस्त्रक्रियेच्या आधीच सांगितले पाहिजे. शुद्धीवर आल्यावर तिला ते प्रथमच कळणे हा तिच्यावर अन्याय होय.

फ्रान्समध्ये ६० स्त्रियांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'एन्डोर' अभ्यास येथे मार्गदर्शक आहे. मलाशयातील मोठ्या गाठीसाठी एका गटात आतडे वाचवणारी पद्धत आणि दुसऱ्या गटात आतड्याचा भाग काढण्याची पद्धत वापरली गेली. दोन वर्षांनंतर शौच व लघवीच्या तक्रारींत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अधिक कापले म्हणजे अधिक भले झाले, असे म्हणता येत नाही आणि कमी कापल्याने सर्व तक्रारी टळतात, असेही नाही. गाठीचा आकार, खोली, संख्या व जागा यांवरून निर्णय करावा लागतो. पोटातील आतड्यांचा शल्यविशारद त्या निर्णयात पहिल्यापासून सहभागी असावा लागतो.

मूत्रवाहिनीभोवतीचा आजार बहुतेक वेळा तिला मोकळी करून काढता येतो. फारच आवळली असेल तर तेवढा भाग काढून ती मूत्राशयाला नव्याने जोडावी लागते. गर्भाशयामागील खोल भागात मूत्राशय व मलाशय यांना जाणारे बारीक मज्जातंतू असतात. आजार काढण्याच्या भरात ते तुटले तर लघवी नळीने काढण्याची पाळी येऊ शकते. वेदना गेल्या आणि हे नवे दुःख आले, तर ती शस्त्रक्रिया यशस्वी म्हणता येणार नाही.

गर्भाशय काढावे का?

"एकदाचे गर्भाशय काढून टाका" ही मागणी आम्ही रुग्णांकडून आणि घरच्यांकडून नेहमी ऐकतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २००८ मध्ये आपल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. सात वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया न लागलेल्यांचे प्रमाण, फक्त आजाराचे डाग व गाठी काढलेल्या स्त्रियांत सुमारे ४५ टक्के, गर्भाशय काढून बीजांडकोश राखलेल्यांत ७७ टक्के, तर दोन्ही काढलेल्यांत सुमारे ९२ टक्के होते. कुटुंब पूर्ण झालेल्या, वेदनांनी त्रासलेल्या स्त्रीला हा पर्याय उपयोगी ठरू शकतो, हे यावरून दिसते.

मात्र तरुण वयात दोन्ही बीजांडकोश काढले तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे व हृदय यांवर तिचे परिणाम होतात. त्याच अभ्यासात ३० ते ३९ वर्षे वयाच्या स्त्रियांत बीजांडकोश काढल्याने फारसा अधिक लाभ दिसला नाही. शिवाय गर्भाशय काढले आणि मलाशयावरील गाठ तशीच ठेवली, तर वेदनेचे मूळ आतच राहते.

शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रियेने आजार कायमचा बरा झाला, असे आश्वासन कोणालाही देता येत नाही. लगेच गर्भधारणा नको असल्यास संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन किमान दीड ते दोन वर्षे वापरावे. त्यामुळे वेदना पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी होते. टाके सुकले की उपचार संपले, अशा समजुतीने अनेक रुग्ण पुढे येतच नाहीत. त्यांचा पाठपुरावा ही रुग्णालयाचीही जबाबदारी आहे.

धर्मादाय रुग्णालयाने यातून काय घ्यावे?

वरील तुलनेतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. निकाल ठरतो तो पूर्वनियोजनाने आणि एकत्र काम करणाऱ्या चमूने. साधनाचे स्थान त्यानंतरचे. पहिली पूर्ण शस्त्रक्रिया ही रुग्णेची सर्वांत मोठी संधी असते. प्रत्येक अपुरी शस्त्रक्रिया पुढची शस्त्रक्रिया अधिक अवघड करते आणि बीजांडकोशाचे नुकसान वाढवते. आपल्या आवाक्याबाहेरची रुग्ण अनुभवी केंद्राकडे वेळीच पाठवणे, हाही योग्य उपचारच होय.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. बळावलेल्या एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया चार-पाच तास चालू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञ, आतड्यांचे शल्यविशारद, मूत्ररोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असे चौघे तिला लागतात. हिशेबाच्या वहीत मात्र तिची नोंद 'एक शस्त्रक्रिया' एवढीच होते. तेवढ्याच वेळात तीन-चार लहान शस्त्रक्रिया उरकता येतात. निर्धन रुग्णेसाठी हा वेळ राखून ठेवायचा, तर निधीचे पाठबळ हवे. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. चार तज्ज्ञांच्या पाच तासांवर ते कोरता येत नाही. तरीही देणगीचा हा विनियोग तितकाच मोलाचा आहे, असे आम्ही विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे मांडू इच्छितो.

आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णेची शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. आवळलेली मूत्रवाहिनी मोकळी करून तिच्यात काही आठवड्यांसाठी नळी ठेवली, मलाशयावरची गाठ तासून काढली आणि बीजांडकोशातील गाठींची आवरणे जपून सोलली. मूत्रपिंडाची सूज उतरली. पाळीच्या दिवसांत आता तिला पतपेढीतून रजा घ्यावी लागत नाही. मूल मात्र अद्याप नाही. आधीच्या शस्त्रक्रियांनी एएमएचची पातळी पूर्वीच घटली होती. पुढील उपचारांसाठी आम्ही तिला वंध्यत्वतज्ज्ञांकडे पाठवले आहे. तिच्या सासूबाईंनी निघताना विचारले, "हे आधीच का नाही कुणी केलं?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढच्या रुग्णेच्या घरच्यांवर तो विचारण्याची वेळ येऊ नये, यासाठी शाळकरी मुलीच्या पाळीच्या वेदना घरात 'सोसायच्या गोष्टी' म्हणून टाळल्या जाऊ नयेत, अशी वाचकांना विनंती आहे. पाळीमुळे शाळा बुडत असेल, तर त्या मुलीला वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे.